श्वास उसना मिळतो, पण वेळेत मागावा लागतो

१९ एप्रिल २०२१ रोजी नवी मुंबईतल्या कळंबोलीहून एक वेगळीच मालगाडी निघाली. तिच्यावर सात रिकामे टँकर चढवलेले होते आणि तिला जायचे होते विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात, द्रवरूप ऑक्सिजन आणायला. ही देशातली पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’. वॅगनवर चढवलेले टँकर इतके उंच झाले होते, की मुंबईजवळच्या घाटातून ते नेता येत नव्हते. म्हणून गाडी वसई, सुरत, जळगाव असा लांबचा वळसा घालून विदर्भात आली. परतीच्या वाटेवर २३ एप्रिलला तीन टँकर नागपुरात उतरले आणि उरलेले चार नाशिककडे गेले. नागपूरहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग अकोला, शेगाव, नांदुरा, मलकापूर असा जातो. एरवी गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारे भाविक ज्या रुळांवरून शेगावात उतरतात, त्याच रुळांवरून त्या दिवसांत श्वास वाहून नेला जात होता. मंदिर तेव्हा बंद होते.

बुलढाणा जिल्ह्याला त्या वर्षी ऑक्सिजनची किंमत वेगळी सांगावी लागली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यातली दुसरी लाट आधी पश्चिम विदर्भात उसळली. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे जिल्हे तेव्हा बातम्यांत होते. ‘ऑक्सिजन किती आहे?’, ‘व्हेंटिलेटर मिळेल का?’ हे प्रश्न घराघरांत विचारले गेले. लाट ओसरली, पण त्या काळातली एक भीती अजून मनात घर करून आहे: ‘व्हेंटिलेटरवर टाकलं म्हणजे माणूस परत येत नाही.’

ही भीती आज जीव घेऊ शकते. कोरोना मागे पडला असला, तरी स्वाइन फ्लू, जिवाणूंचा न्यूमोनिया, क्षयाने पोखरलेल्या फुफ्फुसात होणारा नवा संसर्ग, लहान बाळांचा न्यूमोनिया हे आजार दर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात येतच असतात. त्यातला एखादा रुग्ण अचानक खालावतो. डॉक्टर म्हणतात, नळी टाकावी लागेल. नातेवाईक म्हणतात, थोडं थांबू, गावाकडून मोठे काका येऊ द्या. त्या थांबण्यात काय गमावले जाते, हे समजण्यासाठी श्वासाचे गणित आधी पाहावे लागेल.

फुफ्फुसात नेमके काय बिघडते?

निरोगी माणूस बसल्या जागी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि दर श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो. या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. दोन्ही फुफ्फुसांत मिळून तीस कोटींहून अधिक सूक्ष्म हवापिशव्या आहेत. त्यांच्या पातळ भिंतींमधून ऑक्सिजन रक्तात उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

गंभीर संसर्गात या पिशव्यांमध्ये पू आणि पाण्यासारखा स्राव भरतो, काही पिशव्या मिटून जातात. रक्त त्यांच्याजवळून वाहते, पण ऑक्सिजन न घेताच पुढे जाते. फुफ्फुसे कडक होतात. मऊ फुगा फुगवणे आणि सायकलची ट्यूब तोंडाने फुगवणे, यात जो फरक, तोच निरोगी आणि आजारी फुफ्फुसात. रुग्ण मिनिटाला तीस-पस्तीस वेळा श्वास घेऊ लागतो, मान आणि बरगड्यांमधले स्नायू कामाला लागतात. हे स्नायू दिवसरात्र असे राबू शकत नाहीत. शेतातला माणूस जसा उन्हात थकून बसतो, तसे तेही थकतात. थकवा आला की श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि रुग्ण गुंगीत जातो. घरच्यांना वाटते, आता जरा शांत झोप लागली. प्रत्यक्षात ती धोक्याची घंटा असते.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९५ ते १०० हा आकडा सामान्य मानला जातो. रक्तातल्या ऑक्सिजनचे वागणे पठार आणि घाटासारखे आहे. शंभरपासून नव्वदपर्यंत पठार असते, तिथे आकडा हळूहळू खाली येतो. नव्वदच्या खाली घाट सुरू होतो आणि आजार थोडा जरी वाढला तरी घसरण वेगाने होते. म्हणून ९० आणि ८५ यांतला फरक फक्त पाचाचा समजू नये. कोरोनात काही रुग्ण ८० वर आकडा असतानाही मोबाइलवर बोलत होते, आणि काही तासांत त्यांची प्रकृती ढासळली.

आधाराच्या पायऱ्या

श्वासाला आधार देणे म्हणजे एकदम व्हेंटिलेटर, असे नाही. ही एक शिडी आहे.

पहिली पायरी नाकातल्या दोन टोकांच्या नळीची. मिनिटाला एक ते पाच लिटर ऑक्सिजन त्यातून देतात. रुग्ण बोलू शकतो, जेवू शकतो. त्याने भागले नाही तर तोंडावरचा साधा मास्क, आणि त्यानंतर पिशवी असलेला मास्क. या पिशवीच्या मास्कला मिनिटाला १० ते १५ लिटर ऑक्सिजन लागतो. पिशवी सतत फुगलेली दिसली पाहिजे. ती चिमलेली दिसली तर नातेवाइकाने लगेच नर्सला हाक मारावी.

पुढची पायरी ‘हाय फ्लो’ची. यात गरम केलेली आणि ओलसर केलेली हवा व ऑक्सिजन यांचे मिश्रण मिनिटाला ६० लिटरपर्यंतच्या वेगाने नाकातून देतात. गरम आणि ओलसर असल्याने नाक कोरडे पडत नाही आणि वेगामुळे धापा टाकणाऱ्या रुग्णाला हवा पुरते.

चौथी पायरी घट्ट बसणाऱ्या मास्कची. सीपॅप किंवा बायपॅप नावाचे यंत्र दाबाने हवा देते. मिटलेल्या पिशव्या त्या दाबाने उघड्या राहतात आणि थकलेल्या स्नायूंना हात मिळतो. जुनाट दम्यासारख्या फुफ्फुसविकारात, म्हणजे सीओपीडीत, बायपॅप विशेष उपयोगी पडते. मास्क घट्ट असल्याने रुग्णाला गुदमरल्यासारखे वाटते आणि तो ओढून काढतो. पहिल्या तासाभरात कुणीतरी शेजारी बसून धीर दिला, तर बरेच रुग्ण त्याला सरावतात.

या सगळ्यांबरोबर एक बिनपैशाचा उपायही आहे: पालथे झोपणे. फुफ्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणे झोपल्यावर तो दबून राहतो, पालथे झाल्यावर मोकळा होतो. कोरोनाच्या काळात हाय फ्लोवरच्या जाग्या रुग्णांना पालथे झोपवल्यावर त्यांच्यातल्या काहींची नळी टळली, हे अभ्यासांत दिसले.

आणि मग व्हेंटिलेटर. रुग्णाला गुंगीचे औषध देऊन तोंडातून श्वासनलिकेत नळी टाकतात आणि यंत्र त्याच्यासाठी श्वास घेते. इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. व्हेंटिलेटर न्यूमोनिया बरा करत नाही. जंतूंशी लढतात ती औषधे आणि रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्ती. यंत्र फक्त वेळ उसना देते, तेवढ्या वेळात फुफ्फुसाने सावरायचे असते.

कोपनहेगनची ती साथ

ही वेळ उसनी देण्याची कल्पना सत्तर वर्षांहून जुनी आहे. १९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भीषण साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले आणि तरुण ब्लेगडॅम रुग्णालयात येऊ लागले. सुरुवातीच्या तीन आठवड्यांतल्या अशा ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. त्या काळी शरीर लोखंडी पेटीत ठेवून बाहेरून छाती फुगवणारी यंत्रे होती, पण ती थोडीच होती आणि पुरी पडत नव्हती.

ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ऑगस्ट १९५२ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग प्रश्न आला, इतक्या पिशव्या दाबणार कोण? वैद्यकीय महाविद्यालयांचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजचा अतिदक्षता विभाग त्या वॉर्डातून जन्मला. रुग्णवाहिकेत किंवा कॅज्युअल्टीत डॉक्टर जी फुगीर पिशवी दाबताना दिसतात, ती त्याच कल्पनेची वारस आहे.

पुढच्या संशोधनाने हा आधार अधिक सुरक्षित केला. पूर्वी व्हेंटिलेटरवर मोठे मोठे श्वास दिले जात. सन २००० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने दाखवले, की आजारी फुफ्फुसाला लहान श्वास दिले तर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येते. श्वास किती मोठा द्यायचा, हे रुग्णाच्या वजनावर ठरत नाही, उंचीवर ठरते. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुफ्फुसे मोठी होत नाहीत. पाच फूट पाच इंच उंचीच्या पुरुषाला अशा वेळी दर श्वासाला साधारण ३७० मिलीलिटर हवा पुरते. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या अतिगंभीर रुग्णांना रोज किमान १६ तास पालथे ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. आणि जून २०२० मध्ये ब्रिटनमधून बातमी आली, की डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णांतले मृत्यू एक तृतीयांशाने कमी करते. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. दुकानातून स्वतःच स्टिरॉइड घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

‘परत येत नाही’ हे किती खरे?

पन्नास देशांतल्या ४५९ अतिदक्षता विभागांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. फुफ्फुसांना गंभीर सूज येऊन व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णांपैकी दहात सुमारे चार जण रुग्णालयात दगावले. म्हणजे दहात सहा घरी गेले. आजार अतिगंभीर असेल तर दगावणाऱ्यांचे प्रमाण वाढते, आणि कोरोनाच्या लाटेत डॉक्टर, नर्स, यंत्रे सगळेच अपुरे पडल्यावर ते आणखी वाढले. धोका मोठा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ज्यांना व्हेंटिलेटर लागतो ते आधीच सर्वांत आजारी असतात. छत्री उघडलेली दिसते तेव्हा पाऊस असतोच, म्हणून छत्रीने पाऊस आणला असे कुणी म्हणत नाही.

दुसरी अफवा अशी, की मृत माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवून बिल वाढवतात. यंत्र छाती हलवू शकते, पण थांबलेले हृदय चालवू शकत नाही. हृदय थांबले की मॉनिटरवरची रेषा सपाट होते, नाडी लागत नाही, शरीर थंड पडत जाते. शंका असेल तर नातेवाइकांनी सरळ विचारावे: मॉनिटर दाखवा, रक्तदाब किती आहे, लघवी किती झाली, ऑक्सिजन किती टक्क्यांवर आहे आणि काल किती होता? कालपेक्षा आज कमी ऑक्सिजनवर भागत असेल तर गाडी योग्य दिशेने चालली आहे. हे विचारणे हा नातेवाइकांचा हक्क आहे आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

सिलिंडरचे गणित

लहान गावात निर्णयाची वेळ आणखी महत्त्वाची ठरते. शेगावात रुग्ण प्रथम येतो तो सईबाई मोटे उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या खासगी दवाखान्यात. तिथून खामगावचे सामान्य रुग्णालय सुमारे १७ किलोमीटरवर, आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पन्नासेक किलोमीटरवर. अंतर फार वाटत नाही. पण ऑक्सिजनच्या हिशेबात ते मोजून पाहिले पाहिजे.

वॉर्डातल्या मोठ्या, म्हणजे जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर ऑक्सिजन असतो. नाकातल्या नळीने मिनिटाला दोन लिटर दिला तर तो दोन दिवसांहून जास्त पुरतो. पिशवीच्या मास्कवर १५ लिटरने दिला तर पावणेआठ तास. हाय फ्लोवर ६० लिटरने शुद्ध ऑक्सिजन दिला तर दोन तासही पुरत नाही. रुग्णवाहिकेतल्या लहान सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर असतो. १५ लिटरच्या वेगाने तो शंभर मिनिटांत संपतो. अकोल्याच्या रस्त्यात गर्दी लागली, कॅज्युअल्टीच्या दारात रांग असली, तर हा हिशेब अंगावर येतो.

म्हणूनच पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असतानाच, रुग्ण बोलत असतानाच, पुढे कुठे न्यायचे हे ठरवावे. नव्वदच्या खाली घसरलेला, गुंगीत गेलेला रुग्ण हलवणे फार धोक्याचे असते. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका दोन प्रकारच्या असतात. व्हेंटिलेटरची सोय प्रगत प्रकारात असते. फोन करतानाच रुग्णाला ऑक्सिजन किती लिटर चालू आहे, हे सांगावे. निघण्याआधी डॉक्टरांकडून पुढच्या रुग्णालयात फोन करून खाट आहे का, याची खात्री करून घ्यावी. सोबत चिठ्ठी, एक्स-रे आणि चालू औषधांची यादी असावी. धाप लागलेल्या रुग्णाला वाटेत पाणी किंवा चहा पाजू नये. तो श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो.

मास्कच्या यंत्रावरही हीच गोष्ट लागू पडते. हाय फ्लो किंवा बायपॅपवर एक-दोन तासांत श्वासाचा वेग कमी होत नसेल, रुग्ण थकत चालला असेल, तर नळी टाकण्यात उशीर करू नये. शेवटच्या क्षणी, ऑक्सिजन खाली आणि रक्तदाबही खाली असताना टाकलेली नळी हृदयच थांबवू शकते. ‘मोठे काका येईपर्यंत’ थांबलेले दोन तास इथे मोजावे लागतात. संमतीची सही मागितली जाते तेव्हा घरातल्या एकाने निर्णय घ्यायचा, हे घराने आधीच ठरवून ठेवलेले बरे.

जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त चांगले, हाही गैरसमज आहे. वर्षानुवर्षे चुलीचा धूर घेतलेल्या आयाबाया आणि विडी ओढणारे आजोबा यांच्यात सीओपीडी बराच आढळतो. अशा रुग्णांत आकडा ८८ ते ९२ दरम्यान ठेवणे सुरक्षित असते. शंभर दिसावे म्हणून नातेवाइकाने स्वतः सिलिंडरचा नॉब वाढवला, तर कार्बन डायऑक्साइड साचून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. नॉबला हात लावायचा तो डॉक्टर-नर्सनेच.

नकार देण्याचाही विचार

काही वेळा नळी न टाकणे हाच योग्य निर्णय असतो. शेवटच्या टप्प्यातला कर्करोग, अंथरुणाला खिळलेले अतिवृद्ध शरीर, जिथे फुफ्फुस सावरण्याची आशाच नाही, तिथे यंत्र फक्त त्रास लांबवते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अशा स्थितीत उपचार नाकारण्याची इच्छा आधी लिहून ठेवण्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. हा निर्णय रुग्णाच्या आजारावर आणि इच्छेवर व्हावा. चाळिशीतल्या, काल-परवापर्यंत शेतात राबणाऱ्या माणसाच्या न्यूमोनियात केवळ यंत्राच्या भीतीपोटी दिलेला नकार ही वेगळी गोष्ट आहे. त्याची फुफ्फुसे सावरण्याची शक्यता चांगली असते.

घरात कशावर लक्ष ठेवावे?

ताप-खोकल्याच्या रुग्णाचा आकडा ९४ च्या खाली गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ९० च्या खाली असेल तर थेट रुग्णालय गाठावे. आकडा घेताना बोट गरम असावे, नखाला नेलपॉलिश नसावे आणि अर्धा मिनिट थांबून स्थिर आकडा वाचावा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, त्यामुळे आकडा बरा दिसला तरी धाप असेल तर धापेवर विश्वास ठेवावा. श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावा. मोठ्या माणसात तीसहून जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात पन्नास किंवा जास्त आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळात साठ किंवा जास्त श्वास हा धोका आहे. बाळाचे पोट उडत असेल, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ते दूध ओढत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. एक वाक्य पूर्ण बोलता न येणे, ओठ निळसर होणे, असंबद्ध बोलणे किंवा अवेळी गुंगी, यांतले काहीही दिसले तरी १०८ ला फोन करावा.

आणि ही वेळच येऊ नये म्हणून साठी ओलांडलेल्यांनी, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी, न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. बाळांसाठी न्यूमोनियाची लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते. तिचे तीन डोस बाळाच्या कार्डावर नोंदलेले आहेत का, हे आज घरी गेल्यावर पाहता येईल.